कोपराला लागलं की करंगळी का झिणझिणते?

आडवाट

कोपराच्या आतल्या अंगाला टेबलाची कड लागते आणि झिणझिण्या उठतात करंगळीत. करंगळीला तर कुणी हातही लावलेला नसतो. मज्जासंस्था शिकवायची वेळ आली की मी इथूनच सुरुवात करतो. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या, मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा ही जंत्री घोकून मार्क मिळतात, पण आत नेमकं काय चाललंय ते कळत नाही. करंगळीचं कोडं सुटलं की बाकीचं बरंच आपोआप सुटत जातं.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो ना, त्याच्या मागच्या खाचेतून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. बहुतेक मोठे मज्जातंतू स्नायूंच्या आड, खोलवर असतात. हा मात्र इथे अगदी कातडीखाली, हाडाला टेकून असतो. त्यात हजारो बारीक तंतू आहेत. करंगळी आणि अर्धी अनामिका यांच्या कातडीतून निघालेले तंतू याच वाटेने वर जातात आणि मानेच्या खालच्या भागात मेरुरज्जूत शिरतात. दणका बसला तो वाटेत, मधोमध. तिथे तंतू चेपले, त्यांत संदेश उठले आणि वर पोचले. हे कोपरातून निघालेत अशी कुठलीच खूण त्यांच्यावर नसते. मेंदूच्या लेखी ही लाइन करंगळीची, सबब जे झालं ते करंगळीलाच झालं. दारावरच्या बेलची तार भिंतीत कुठे शॉर्ट झाली तरी आपण उठून दारच उघडायला जातो, तसा प्रकार.

आता तो संदेश म्हणजे काय. हे तंतू म्हणजे चेतापेशींचे लांबलचक फाटे. शांत बसलेल्या चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असते. पुरेसा धक्का बसला की तिच्या पडद्यातल्या सोडियमच्या वाटा उघडतात, सोडियम आत घुसतो, क्षणभर आतली बाजू धन होते, मग पोटॅशियम बाहेर पडतो आणि गाडी पूर्वपदावर येते. सगळा कारभार एक-दोन सहस्रांश सेकंदांचा. लगेच पुढच्या तुकड्यात तेच, मग त्याच्या पुढच्या तुकड्यात. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये याचं गणित मांडलं.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की हा ठोका उठला तर पूर्ण उठतो, नाहीतर उठतच नाही. जोरात दाबलं म्हणून मोठा ठोका, हळू दाबलं म्हणून छोटा, असं होत नाही. जोर कळतो तो सेकंदाला किती ठोके आले आणि किती तंतूंमधून आले यावरून. डोळ्याच्या तंतूतला ठोका आणि कानाच्या तंतूतला ठोका शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे सांगता यायचं नाही. उजेड मेंदूत जात नाही, आवाजही जात नाही. हा ठोका कुठल्या तंतूने आला आणि मेंदूत कुठे पोचला, एवढ्यावरच तो उजेड होतो की आवाज ते ठरतं. योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२६ मध्ये जवळपास हेच म्हणून ठेवलंय, आणि तेव्हा चेतापेशी म्हणजे काय हेही कुणाला धड माहीत नव्हतं.

तर या धाग्यावर अशी उदाहरणं जमवूया. चेतवलं एकीकडे आणि जाणवलं दुसरीकडे, किंवा चेतवलं एकाने आणि जाणवलं भलतंच.

रिकामटेकडा

डोळ्यांसमोर काजवे चमकतात ते यातच बसतं का? क्रिकेटमध्ये चेंडू तोंडावर घेण्याचा अनुभव दांडगा आहे, म्हणून विचारतो.

निशाचर

चपखल बसतं. डोळ्यावर मार बसला तर दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, पेशी दाबाने चेतवल्या जातात. डोक्याच्या मागच्या बाजूला बसला तर मेंदूचा दृष्टीचा भाग तिथेच, कवटीच्या आत असतो, तो हलतो. दोन्ही वेळा उजेड नसतो आणि दोन्ही वेळा उजेडच दिसतो.

मार न खाता बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटा, नजर नाकाकडे वळवा आणि पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, कानाकडच्या बाजूला, बोटाने अगदी हलका दाब द्या. एक फिकट गोल किंवा कडं दिसेल. पण ते बोटापाशी दिसत नाही, नाकाच्या बाजूला दिसतं! कारण बाहुलीतून आत जाताना प्रतिमा उलटी होते आणि दृष्टिपटलाचा बाहेरचा भाग एरवी नाकाकडचं दृश्य बघतो. तिथून ठोका आला की मेंदू तो नाकाकडचाच धरतो. (ज्यांना काचबिंदू आहे, पडद्याचा त्रास आहे किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी या भानगडीत पडू नये.)

डोळ्याचा विषय निघालाच आहे तर अंधबिंदूही बघून घ्या. कागदावर ८ सेंटीमीटर अंतराने डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका गायब होतो. त्या जागेतून मज्जातंतू डोळ्याबाहेर पडतो, म्हणून तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. मारिओत या फ्रेंच माणसाने १६६० च्या दशकात हे शोधलं. त्याआधी हजारो वर्षं प्रत्येक माणूस दोन भोकं घेऊन हिंडत होता आणि एकालाही पत्ता नव्हता! ठिपका जातो तिथे काळं भोक दिसत नाही, कागदाचा पांढरा रंग दिसतो, ही त्यातली खरी गंमत. रेघोट्यांचा कागद घेतलात तर रेघा सलग दिसतील.

ऑक्टोपसच्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही. आपला पडदा उलटा बसवलाय: प्रकाश आधी तंतूंच्या आणि पेशींच्या थरांतून जातो आणि सगळ्यात मागे प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी-शंकूपेशींना भेटतो.

शंकासुर

गंमत ठीक आहे, पण ‘मेंदू फसतो’ असा सूर लागतोय त्याला माझी हरकत आहे. करंगळीच्या तंतूतून आलेला संदेश करंगळीचा मानणं यात फसण्यासारखं काय? आयुष्यात लाखो वेळा तो तिथूनच आलेला असतो. कोपराला लागणं हा अपवाद. अपवादासाठी वेगळी यंत्रणा ठेवायची तर प्रत्येक तंतूवर वाटेत ठिकठिकाणी पहारे बसवावे लागतील.

दुसरं म्हणजे, ठोके जर सगळे सारखे तर एकाच बोटाला टाचणी टोचलेली वेगळी आणि पीस फिरवलेलं वेगळं कसं कळतं? पत्ता तर एकच आहे.

आडवाट

पहिला मुद्दा एकदम मान्य. ‘फसतो’ म्हणायला सोपं पडतं इतकंच.

दुसऱ्याचं उत्तर: पत्ता एक नाही. बोटाच्या त्याच चौरस मिलिमीटरमधून निरनिराळ्या लाइनी निघतात. मर्केल पेशींच्या तंतूंना टेकलेला दाब आणि कडा कळतात, माइसनर कणिकांना हलका, सरकता स्पर्श, खोलवरच्या पॅसिनियन कणिकांना कंप आणि रुफिनीच्या टोकांना कातडीचा ताण. टाचणी ज्यांना कळते त्या टोकांवर कसलंच वेष्टण नसतं, नुसती उघडी टोकं. प्रत्येकाचा तंतू वेगळा, जाडी वेगळी, वेगही वेगळा.

तो वेग तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हा आधी ‘लागलं’ एवढं कळतं, लगेच एक तीक्ष्ण कळ येते, आणि मग क्षणभर उसंत मिळून तो जीवघेणा ठणका चढतो. स्पर्शाचे तंतू जाड, वर मायलिनचं आवरण, त्यामुळे सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. पहिल्या कळेचे तंतू बारीक, ५ ते ३० मीटर. ठणक्याचे त्याहून बारीक आणि बिनआवरणाचे, सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंतची वाट मीटरभराची. ती उसंत तिथून येते. उंच माणसाला ती थोडी जास्त मिळते, असलाच तर उंचीचा हा एक फायदा.

वेगावरून आठवलं. म्यूलर यांचं मत असं होतं की मज्जातंतूतला वेग माणसाला कधी मोजताच येणार नाही. त्यांच्याच विद्यार्थ्याने, हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० मध्ये बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला. सेकंदाला सुमारे २७ मीटर. गुरूच्या हयातीतच.

भूलचूक

माझा पेशा भूल देण्याचा, त्यामुळे या लाइनी रोज तोडतो आणि पुन्हा जोडलेल्या बघतो. लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध सोडियमच्या त्याच वाटा बुजवतं ज्यांचा उल्लेख वर आलाय. बारीक तंतू सहसा आधी गप्प होतात, जाडे नंतर. म्हणून जागा बधिर केल्यावरही पेशंट म्हणतो, ‘ओढल्यासारखं कळतंय, पण दुखत नाही.’ त्याला वाटतं भूल चढलीच नाही. खरं तर ठरल्याप्रमाणेच चढलेली असते.

पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल देतो तेव्हा आणखी एक प्रकार बघायला मिळतो. पाय सरळ, टेबलावर ठेवलेले असतात, पण काही पेशंट शपथेवर सांगतात की गुडघे दुमडलेले आहेत किंवा पाय हवेत आहेत. सांधे आणि स्नायूंतून ‘पाय इथे आहे’ ही बातमी यायची बंद झालेली असते आणि काही काळ मेंदू जुन्या बातमीवर चालतो. (सुईला सगळे घाबरतात म्हणून सांगतो: मेरुरज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली जाते, तिथे पाण्यात तरंगणारे नुसते मज्जातंतू असतात.)

आणि धाग्याच्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही: हृदयविकाराचा झटका आणि डावा हात. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू छातीच्या वरच्या मणक्यांपाशी मेरुरज्जूत शिरतात. हाताच्या आतल्या बाजूच्या कातडीचे तंतूही तिथेच येतात आणि पुढे दोघांची गाठ त्याच चेतापेशींशी पडते. हाताकडून रोज बातम्या येतात, हृदयाकडून जवळपास कधीच नाही. मग बातमी हाताच्या नावावर खतवली जाते. कधी जबड्याच्या, कधी पाठीच्या.

यकृताजवळचं किंवा पित्ताशयाचं दुखणं श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) भिडलं तर उजव्या खांद्यात दुखतं. पोट कुठे, खांदा कुठे! पण श्वासपटलाची जडणघडण गर्भात मानेच्या पातळीवर सुरू होते आणि ते खाली सरकताना आपला मज्जातंतू ओढत नेतं. तो तंतू अजूनही मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरूनच येतो, आणि खांद्याच्या कातडीचे तंतूही त्याच पातळ्यांचे.

छातीत दडपण, सोबत हात किंवा जबडा दुखणं, घाम, असं असेल तर धागा वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तिखटमीठ

मिरचीचं घ्या ना. मिरची गरम नसते, तरी जिभेची आग होते. ही चव आहे की नाही? आमच्याकडे यावरून वाद पेटलाय.

आडवाट

चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूममधली रुचकर चव) या पाच चवी रुचिकलिकांमधून, म्हणजे जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांमधून, येतात. उमामी १९०८ मध्ये जपानच्या इकेदांनी वेगळी ओळखली. मिरचीतलं कॅप्सेसिन मात्र रुचिकलिकांच्या दारात जातच नाही. ते उष्णतेची वेदना सांगणाऱ्या तंतूंवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन, टीआरपीव्ही१, एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं. कॅप्सेसिन त्याला थंडपणी उघडायला लावतं. लाइन ‘भाजतंय’ची, म्हणून भाजतं. घामही येतो, कारण शरीर खरोखर ते खरं मानून चालतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं, २०२१ चं अर्धं नोबेल त्यासाठी त्यांना मिळालं. उरलेलं अर्धं पटापूटियन यांना, दाब ओळखणाऱ्या प्रथिनांसाठी.

पुदिन्यातलं मेंथॉल हेच थंडीच्या लाइनीवर करतं. म्हणून वितळलेल्या बर्फाचा थेंबही नसताना तोंड गार पडतं.

वाद मिटवायला पुरावा हवा असेल तर मिरचीचा हात डोळ्याला लागल्यावर काय होतं ते आठवा. डोळ्यात रुचिकलिका नसतात. मेंदूपासून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखा जिभेवरही आहेत आणि डोळ्यातही, आग तिथून येते. पक्ष्यांच्या याच प्रथिनाची घडण जरा वेगळी आहे आणि कॅप्सेसिन त्यांना जाणवत नाही. ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर टाकतात.

नवखी

सर, मी पहिल्या वर्षाला आहे. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असा नकाशा शाळेत होता. परीक्षेत आला तर काय लिहू?

आडवाट

नकाशा चूक आहे. जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे पाचही चवी कळतात. हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये जिभेच्या कडेकडेने संवेदनशीलतेतला किरकोळ फरक नोंदवला होता. पुढे तो आलेखात अशा तऱ्हेने आला की किरकोळ फरकाच्या चक्क हद्दी झाल्या. परीक्षेत बरोबर तेच लिही. आणि जिभेवरचे जे असंख्य बारीक, खरखरीत उंचवटे दिसतात त्यांत रुचिकलिका नसतातच, हेही जोडून दे.

कानसेन

चवीवरून कानाकडे येतो, वाटतं तितकं दूर नाही. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव घेऊन जाणारा तंतू चक्क कानाच्या पडद्याच्या आतल्या अंगाने, हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून जातो. मधल्या कानाच्या ऑपरेशनमध्ये त्याला ताण बसला तर पेशंट काही आठवडे तोंडात धातूसारखी चव येत असल्याची तक्रार करतो. ऑपरेशन कानाचं, तक्रार जिभेची.

आता माझ्या आवडीचं. आतल्या कानाचा एक भाग ऐकतो आणि दुसरा भाग तोल सांभाळतो. दोन्हीकडे कामाला सारख्याच केसपेशी, म्हणजे टोकाला केसांसारखे बारीक धागे असलेल्या पेशी. शंखासारख्या वळलेल्या नळीतल्या केसपेशी हलल्या तर आवाज, अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या हलल्या तर ‘डोकं फिरतंय’. म्यूलरबुवांचं म्हणणं एकाच हाडाच्या पोकळीत सिद्ध.

कूस बदलली की खोली गरगरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, हा त्रास पुष्कळांना असतो. कानातल्या एका पिशवीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सूक्ष्म खडे असतात. गुरुत्वाकर्षण ओळखायला ते लागतात. त्यांतले काही सुटून नलिकेत उतरतात. कूस बदलली की खडे घरंगळतात, नलिकेतला द्रव ढकलतात, आणि डोकं थांबलेलं असूनही ‘फिरतंय’ अशी बातमी जाते. डोळे त्या बातमीवर विश्वास ठेवून झटके देत फिरतात, डॉक्टर तेच बघतात. इलाज गोळी नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे पुन्हा पिशवीत पाडायचे, एपलींची पद्धत. बघणाऱ्याला जादूटोणा वाटावा इतकी साधी. अर्थात सगळी चक्कर यातली नसते, आधी तपासून घ्यावं.

कानात कोमट किंवा गार पाणी सोडलं तरी द्रवात प्रवाह तयार होऊन गरगरतं. रॉबर्ट बारानी यांनी यावरून तोलाची तपासणी बसवली आणि त्यांना १९१४ चं नोबेल जाहीर झालं. तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

ऐकण्याच्या केसपेशींचं मात्र वाईट वाटतं. आतल्या रांगेत एका कानात साधारण ३५००, आणि गेली की गेली. माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात. कॉक्लिअर इम्प्लांट हे कानात बसवायचं यंत्र या मेलेल्या पेशींना वगळून विजेच्या तारेने थेट श्रवणाच्या तंतूंना टोचतं. आवाज नाही, हवेतला कंप नाही, तरी ऐकू येतं. नळीच्या तोंडाशी टोचलं तर बारीक स्वर, आत टोकाकडे जाल तसा खर्ज.

रिकामटेकडा

म्हणजे पक्ष्यांना तिखट लागत नाही, बहिरेपण टिकत नाही, वर उडताही येतं. आपण काय घोडं मारलं होतं?

शंकासुर

विनोद बाजूला ठेवून एक खोडा घालतो. लाइन जिथे पोचते तो मेंदूचा भागच अर्थ ठरवतो, हे इतकं पक्कं आहे का? मृगांक सूर यांच्या गटाने फेरेट या प्राण्याच्या पिल्लांमध्ये डोळ्याकडून येणारे तंतू मेंदूच्या ऐकण्याच्या वाटेकडे वळवले. जन्मानंतर लगेच. मोठी झाल्यावर त्यांच्या श्रवणाच्या भागात उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मिळाल्या, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार त्या वाटेने आलेल्या उजेडाला ती पिल्लं ‘दिसल्यासारखी’ वागली, ‘ऐकल्यासारखी’ नाही. म्हणजे भागाचा अर्थही येणाऱ्या मालावरून घडतो.

लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा त्यांचा दृष्टीचा भाग कामाला लागतो, आणि बाहेरून चुंबकीय झटका देऊन त्या भागात अडथळा आणला तर त्यांच्या वाचनात चुका होतात. डोळ्यांसाठी राखलेली जागा बोटांनी घेतली.

आडवाट

हा खोडा नाही, धाग्याला यायलाच हवी अशी दुसरी बाजू आहे. मी म्यूलर यांना थोडं जास्तच सरळसोट मांडलं. मोठ्या माणसात मात्र पत्ते बऱ्यापैकी गोठलेले असतात. पेनफिल्ड नावाचे सर्जन १९३० च्या दशकात पेशंटला जागं ठेवून मेंदूची ऑपरेशनं करत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे ते शक्य असतं. उघड्या मेंदूवर विजेचा बारीक स्पर्श केला की पेशंट सांगे, ‘अंगठा झिणझिणला’, ‘ओठ’. त्यावरून त्यांनी शरीराचा नकाशा काढला: ओठ आणि बोटं अवाढव्य, पाठ इवलीशी. बोटाच्या टोकावर २-३ मिलिमीटर अंतरावरची दोन टोकं वेगळी कळतात, पाठीवर ४ सेंटीमीटरपर्यंत एकच वाटतं. घरात कुणाच्या तरी पाठीवर दोन पेन्सिलींनी करून बघा, समोरच्याचा विश्वास बसत नाही.

भूलचूक

त्याच नकाशात हाताच्या शेजारी चेहरा आहे. हात कापावा लागलेल्या काही लोकांच्या गालाला स्पर्श केला तर नसलेल्या बोटांना स्पर्श झाल्यासारखं वाटतं. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी हे तपासलं होतं. शेजारच्याने रिकाम्या जागेत पाय पसरले, पण पाटी जुनीच राहिली. नसलेला हात दुखतो, वळतो, मुठीत नखं रुततात, आणि ते दुखणं अगदी खरं असतं. पेशंटला ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

तिखटमीठ

लागलं की आपण ती जागा चोळतो. त्याचा उपयोग असतो की नुसती सवय?

आडवाट

असतो. चोळल्यावर स्पर्शाचे जाडे तंतू चेततात आणि मेरुरज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट काहीशी आवळली जाते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. बारकावे नंतर बदलले, गाभा टिकला.

सांधेजोड

फिजिओथेरपी करते, त्यामुळे पत्ते वाचणं हाच धंदा. थोडं कामाचं लिहिते.

रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकल्यावर बरं वाटतं. अशा पेशंटला मी एकच विचारते: कुठली बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं आणि अर्धी अनामिका असेल तर मनगटात मिडियन मज्जातंतू चेपतोय. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू असेल तर कोपरात अल्नर. अनामिकेच्या मधोमध जणू रेघ असते, आणि पेशंट ती स्वतः बोटाने दाखवतात.

पायाचंही तसंच. कंबरेतली मणक्यांमधली गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर आली की दुखतं पायात. कळ पावलाच्या वरून अंगठ्याकडे गेली तर बहुधा कमरेच्या पाचव्या मुळाची गडबड. बाहेरच्या कडेने करंगळीकडे गेली तर त्याच्या खालचं मूळ, आणि मग घोट्याच्या मागे हातोडी मारल्यावर पाऊल नीट उडत नाही. पेशंट पोटरीला तेल चोळत बसलेले असतात, पोटरी बिचारी ठणठणीत.

नागीण उठते तीही अशाच पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला. कांजिण्यांचा विषाणू मेरुरज्जूलगतच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून असतो आणि उठला की त्या एका मज्जातंतूच्या हद्दीत पसरतो. पुरळ यायच्या आधी दोन-चार दिवस त्या पट्ट्यात नुसती आग होते, तेव्हा कुणालाच उलगडा होत नाही.

नवखी

ताई, मज्जातंतू तुटला तर पुन्हा जुळतो का? पुस्तकात ‘चेतापेशी नव्याने तयार होत नाहीत’ एवढंच आहे.

सांधेजोड

पेशी नव्याने तयार होणं वेगळं, तुटलेला तंतू वाढणं वेगळं. मेंदू आणि मेरुरज्जू सोडून बाहेरच्या मज्जातंतूंत पेशी शाबूत असेल तर तंतू पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाला कापलं असेल तर बोटापर्यंत यायला महिने लागतात. वाढतं टोक कुठवर आलं ते वरून टिचकी मारून कळतं. टिचकी जिथे झिणझिणते तिथवर तंतू पोचला.

पण वाढताना तंतू वाट चुकतात. तर्जनीचा तंतू मधल्या बोटाच्या नळीत शिरतो, मग मधल्या बोटाला हात लावला तर पेशंट तर्जनी म्हणतो. डोळे उघडे ठेवून स्पर्श करायचा, मग मिटून, पुन्हा उघडे ठेवून, असं रोज करत मेंदूला नवी पत्त्यांची वही लिहायला लावावी लागते. लहान मुलं हे पटकन शिकतात, मोठ्यांना वेळ लागतो.

चेहऱ्याचा लकवा बरा होताना कधीकधी लाळेच्या ग्रंथीकडे जायचे तंतू अश्रूंच्या ग्रंथीकडे वाढतात. मग जेवायला बसलं की त्या एका डोळ्यातून पाणी गळतं.

नवखी

बापरे. त्याला काही इलाज?

सांधेजोड

आहे. अश्रुग्रंथीत बोट्युलिनम या विषाचं इंजेक्शन देतात. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे ग्रंथीला हुकूम देणारं रसायन बाहेर पडायचं थांबतं आणि जेवताना गळणारं पाणी काही महिने बंद राहतं. असर ओसरला की पुन्हा घ्यावं लागतं.